चौथ्या इंजेक्टरची वायर

माझा काका सांगतो की तो आयुष्यात एकदाच चुकला, आणि ते म्हणजे काकूशी लग्न केलं तेव्हा. बाकी त्याचं सगळं बराबर. पाऊस कधी येणार, कापूस कधी चढणार, कोणाची सून नांदणार आणि कोणाची नाही, सगळं त्याला आधीच माहीत असतं. अशा माणसानं बैल पाळावेत, कारण बैल बिचारे ऐकून घेतात. याच्याकडं जीप होती.

मी भोकरदनला गाड्यांचं इलेक्ट्रिकचं काम करतो. सेल्फ, डायनामो, वायरिंग, आणि आता सेन्सर, इंजेक्टर, कॉम्प्युटर, जे येईल ते. आमचं मूळ गाव पिंपळगाव रेणुकाई. काका तिथंच राहतो, शेती करतो आणि जीप भाड्यानं पळवतो. घरात इलेक्ट्रिशियन असताना या माणसानं त्याची जीप दुरुस्तीला कधी माझ्या दुकानात आणली नाही. घर की मुर्गी दाल बराबर. बिघडली की चौकातल्या मिस्त्रीकडं, नाही जमलं की थेट जालन्याला. माझ्याकडं फक्त फुकट हॉर्न बसवून घ्यायला.

जीप जुनी, पण अगदी जुन्या पंपाची नव्हे. कॉम्प्युटरवाली इंजिनं नवी नवी आली त्या वेळची. चार सिलिंडर, चार इंजेक्टर, प्रत्येक इंजेक्टरच्या डोक्यावर दोन वायरींचा एक प्लग. कॉम्प्युटर त्या वायरीतून हुकूम देतो, इंजेक्टर उघडतो, डिझेल सोडतो. हुकूम पोचला नाही तर तो सिलिंडर नुसता वरखाली होत राहतो आणि बाकीचे तिघं त्याला ओढून नेतात. एवढंच आहे. शेंबड्या पोराला समजेल. काकाला समजलं नाही ते सोडा, पण ज्यांच्या घरची चूल या धंद्यावर पेटते त्यांनाही समजलं नाही, याचा मला जास्त संताप आहे.

दिवाळीनंतर जीप अडखळायला लागली. थंड असताना ठीक, गरम झाली की थरथरायची, चढावर दम टाकायची. आणि डिझेल प्यायची. पुढं डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागायचा. चौकातल्या मिस्त्रीनं आधी डिझेल फिल्टर बदलला. मंग एअर फिल्टर बदलला. मंग त्याला दिवा दिसला, म्हणून त्यानं डॅशबोर्ड खोलून दिव्याचा बल्बच काढून टाकला. काकाला म्हणाला, आता दिवा लागणार न्हाई. काका खूष. डॉक्टरनं थर्मामीटर फोडावा आणि घरच्यांनी ताप गेला म्हणून पेढे वाटावेत, अशी ही जोडी.

पुढं जालना. तिथं एकाकडं स्कॅनर होता. स्कॅनर चांगली चीज आहे, मीही वापरतो, पण तो ज्याच्या हातात असतो त्याला अक्कल लावत नाही. पडद्यावर आलं की चौथ्या इंजेक्टरच्या सर्किटमध्ये गडबड. सर्किटमध्ये, असं आलं. या गृहस्थानं फक्त 'इंजेक्टर' एवढंच वाचलं. चौथा इंजेक्टर काढला, नवा बसवला, स्कॅनरनं कोड पुसला, गाडी थंड होती ती नीट चालली, काका घरी आला. दुसऱ्या दिवशी गरम झाली आणि पुन्हा तेच. नळाला पाणी येत नाही म्हणून हंडा बदलला, तरी पाणी येईना, तर आता तरी नळ बघावा की नाही? पण नाही. आता पंप बदलावा लागेल असं सांगून हा मोकळा. आणि काका तेवढ्यात ड्रायव्हरवर घसरला.

ड्रायव्हर गावातल्याच बौद्ध वस्तीतले. मी त्यांना दादा म्हणतो. काकाची जीप त्यांनी इतकी वर्षं चालवली की गावात जीपला काकाच्या नावानं कमी आणि दादांच्या आवाजानं जास्त ओळखायचे. शांत माणूस, पण मऊ नाही. प्रवाशाशी भांडण झालं तर गाडी बाजूला लावून, हाताची घडी घालून, भांडण संपायची वाट बघणारा. काकाचं गणित सरळ होतं. गाडीत डिझेल टाकतो, गाडी तेवढी पळत नाही, म्हणजे डिझेल कुठंतरी जातं, म्हणजे कोणीतरी काढतं, आणि गाडीजवळ दिवसभर कोण असतं? या हिशेबात इंजिन कुठंच नव्हतं.

मला हे सगळं काकूनं सांगितलं. एका सकाळी काकानं दादांना रेणुकाईच्या देवळापुढं बोलावलं. दोन-चार रिकामी मंडळी होतीच, ती नेहमीच असतात, त्यांना गावात दुसरा धंदा नाही. त्यांच्यासमोर काका म्हणाला की देवीपुढचं कुंकू उचल आणि शपथ घे की डिझेल काढलं न्हाई. आमच्याकडं हे चालतं. बैल कोणाचा, बांध कोणी सरकवला, विहिरीची मोटर कोणी काढून नेली, उचल कुंकू. खोटं बोलणाऱ्याचे हात कापतात अशी समजूत आहे. मी माझ्या डोळ्यांनी महाचोरांना ते कुंकू न कापता उचलताना पाहिलंय, पण ते असो.

दादा म्हणाले, "मालक, आमच्या आज्यानं दीक्षा घेतली तव्हापासून आमच्या घरात कोणी देवापुढं शपथ घेत न्हाई. मी डिझेल काढलं न्हाई. हे मी तुमच्या तोंडावर सांगून राह्यलो. तेवढ्यावर भागत नसंल तं पोलिसात चला, मी येतो."

"म्हणजे तू कुंकू उचलणार न्हाई."

"न्हाई."

"बघा," काका मंडळीकडं वळून म्हणाला, "चोर है म्हणूनच हात लावत न्हाई." आणि मंडळींनी माना डोलवल्या. ज्या माणसाच्या घराण्यानं तीन पिढ्या देवापुढं हात जोडला नाही, आणि हे साऱ्या गावाला बिलकुल ठाऊक आहे, त्यानं त्या दिवशी हात जोडला नाही म्हणून तो चोर. काकानं तिथंच चावी काढून घेतली आणि 'डिझेलचोर' हा शब्द इतक्या मोठ्यानं उच्चारला की म्हणे पलीकडच्या किराणा दुकानातली गिऱ्हाइकं बाहेर आली.

नंतर दादा माझ्या दुकानात आले. बाकावर बसले, चहा नको म्हणाले. मला वाटलं काम मागायला आले असतील.

"कामाचं न्हाई," ते म्हणाले. "पोरीचं जमत आलंय. आष्टीची माणसं हायेत, पोरगा बँकेत है. पोरगी बी नर्सिंग झालेली, त्यांना पसंत है. आता त्यांच्या कानावर गेलंय की बाप डिझेलचोर है. त्यांनी फोन केल्ता. चांगली माणसं हायेत, तोडून टाकलं न्हाई, पण म्हणाले, आम्ही एकदा घरी येऊन समजून घेतो. मी काय समजावून सांगू भाऊ? चोर बी असंच म्हणतो, मी काढलं न्हाई."

"माझ्याकडून काय पाहिजे?"

"तुम्ही ती गाडी बघा. गाडीत दोष है. मी तिला चालवली, मला माहीत है. चौथं सिलिंडर मरतंय. मालकाला सांगितलं तं म्हणले, तू मिस्त्री हाये का ड्रायव्हर?"

मी त्याच दिवशी पिंपळगावला गेलो. काका अंगणात जीपच्या डिझेल टाकीच्या झाकणाला कुलूप लावून राह्यला होता. दादांना काढून टाकल्यावर तो स्वतः गाडी चालवत होता आणि गाडी तेवढंच डिझेल पीत होती. दुसऱ्या कोणाच्या डोक्यात तिथं उजेड पडला असता. काकानं निष्कर्ष काढला की दादा चोरून येऊन नळीनं डिझेल काढतात. म्हणून कुलूप. भलं मोठं, धान्याच्या कोठाराला लावतात तसलं. झाकणाला कडी नव्हती, तर त्यानं वेल्डिंग करून कडी बसवून आणली होती. डिझेलच्या टाकीवर वेल्डिंग. तो जिवंत आहे हेच आश्चर्य.

"गाडी माझ्याकडं सोडा दोन दिवस," मी म्हणालो.

"तुला त्यानं पाठवलं का?"

"हो."

"मंग तर मुळीच न्हाई सोडत." आणि कुलूप ओढून बघितलं, नीट बसलंय का.

मी वाद घातला नाही. काकाशी वाद घालणं म्हणजे पाण्यात काठी मारणं. मी घरी आलो आणि काकूला फोनवर एवढंच म्हणालो की ही गाडी आता आपणहून माझ्याकडं येईल. तसंच झालं. त्याच आठवड्यात काका भोकरदनच्या बाजारात मका घेऊन निघाला, आणि गाडी गावाबाहेरच्या चढावर अशी अडकली की मागून येणाऱ्या ट्रॅक्टरवाल्यानं दोर लावून तिला ओढत आणलं, आणि त्या ट्रॅक्टरवाल्याला जवळचं दुकान माझंच माहीत होतं. काका खाली उतरला तेव्हा त्याचा चेहरा जसा काही मीच तिला बिघडवलं असा होता.

"लवकर बघ," म्हणाला, आणि स्टुलावर बसून माझ्याच पैशाचा चहा मागवला.

गाडी थोडी थंड झाली तशी चालू झाली. मी तिला उभ्या जागी चालू ठेवली आणि गरम होऊ दिली. थरथर सुरू झाली. बॉनेट उघडून बाटलीतलं पाणी चारही सिलिंडरच्या एक्झॉस्टच्या तोंडावर थेंब थेंब टाकलं. तीन ठिकाणी चर्र करून वाफ झाली. चौथ्यावर, अगदी मागं, केबिनच्या पत्र्याजवळच्या, थेंब नुसते ओघळले. म्हणजे तिथं डिझेल जळतच नाही. याला कॉम्प्युटर लागत नाही, पाण्याची बाटली लागते.

गाडी बंद केली. चालू गाडीत इंजेक्टरचा प्लग उपटणारे बहाद्दर मी पाहिलेत, त्या वायरीत किती ताकद असते हे त्यांना झटका बसल्यावर कळतं. चारही प्लग काढले, मीटर लावला. चारही इंजेक्टरच्या कॉइली सारख्या, एका ओहमच्याही आत. मंग जालनेवाल्यानं फेकून दिलेला जुना इंजेक्टरही चांगलाच असणार, हे वेगळं सांगायला नको. आता वायर. कॉम्प्युटरच्या प्लगपासून चौथ्या इंजेक्टरच्या प्लगपर्यंत मीटर धरला. मीटर वाजला. म्हणजे वायर जोडलेली आहे.

इथंच निम्मी मंडळी फसतात आणि उरलेली निम्मी इथपर्यंत पोचतच नाहीत. मीटर वाजायला तांब्याची एक तार पुरते. इंजेक्टर उघडायला सगळा जुडगा लागतो. मी हेडलाइटचा बल्ब काढला आणि बॅटरीवरून त्या वायरीतून पेटवला. पहिल्या तीन इंजेक्टरच्या वायरीतून बल्ब लख्ख पेटला. चौथ्याच्या वायरीतून मरतुकडा, लालसर. वायरींचा गठ्ठा हातानं हलवला तर लुकलुकला. मंग मी हात त्या गठ्ठ्यावरून मागं मागं नेला, पत्र्याजवळ, जिथं डोळ्याला दिसत नाही तिथं, आणि बोटाला कापड लागलं.

लाल कापड. त्यात नारळ. वाळून खडखडीत झालेला, आणि तो बायंडिंग वायरनं, पक्कडीनं पीळ देऊन देऊन, इंजेक्टरच्या वायरींच्या गठ्ठ्यालाच आवळून बांधलेला.

"काका, हे कोणी बांधलं?"

"मी. नवरात्रात. देवीचा नारळ है. का?"

"आत कशाला बांधला?"

"बाहेर बांधला तं पोरं फोडून खातेत."

मी नारळ सोडवला. त्याच्या वजनानं, रस्त्याच्या प्रत्येक खड्ड्यात, बायंडिंग वायर आतल्या वायरीत रुतत गेली होती. वरचं प्लास्टिक कापलेलं, आतलं तांबं हिरवं पडलेलं, आणि तुटायच्या राहिलेल्या फक्त दोन-तीन बारीक तारा. गरम झालं की त्याही सुटायच्या. मी काकाला उठवून जवळ आणलं, टॉर्च मारली, तुटकी जागा दाखवली, बल्ब दाखवला, सगळं दाखवलं. म्हणालो, तुमच्या नारळानं चौथं सिलिंडर मारलं. गाडी तीनवर चालत होती, म्हणून डिझेल जात होतं. कोणी काही काढलं नाही.

काकानं वाकून वायरीवर बोट फिरवलं. मला वाटलं, आता तरी.

"मी तं ढिला बांधला होता," तो म्हणाला. "त्यानंच आवळला असंल."

त्या क्षणी माझ्या हातात पक्कड होती आणि मी ती खाली ठेवली, हे माझे संस्कार. काकू आत्तापर्यंत कशी राहिली असेल या माणसाबरोबर, देव जाणे. पुढचं वाक्य त्याहून भारी होतं. "पण देवीनं उघडं केलं बघ शेवटी." म्हणजे वायर तोडायला देवी, शोधायला देवी, चहा प्यायला काका. मी मात्र कुठंच नाही.

मी कापलेला भाग काढून नवी वायर डाग देऊन जोडली, वर स्लीव्ह चढवली, गठ्ठा पत्र्यापासून लांब क्लिपनं बसवला. डॅशबोर्डमध्ये बल्ब बसवला. नारळ काकाच्या हातात दिला. त्यानं तो कपाळाला लावला आणि पुन्हा बॉनेटकडं हात नेला, तेव्हा मी बॉनेट बंद केलं. गाडी चालू केली. चारही सिलिंडर एकसारखे. इतक्या महिन्यांनी ती गाडी गाडीसारखी बोलत होती, आणि तिच्या मालकाला तो फरक ऐकूसुद्धा आला नाही.

"लाव त्याला फोन," काका म्हणाला. "म्हणावं उद्यापासून ये कामावर." जसं काही मोठं बक्षीस.

मी फोन लावला, स्पीकरवर ठेवला, जे सापडलं ते सांगितलं.

"नारळ?" पलीकडून दादा म्हणाले. "मी नवरात्रातच म्हणलो होतो, मालक, इथून वायरी जातेत, काचंजवळ बांधा. तं म्हणले, तुला काय कळतं देवीचं."

काका रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रॅक्टरकडं बघायला लागला.

"काम मला कुठंबी मिळंल भाऊ. रविवारी आष्टीची माणसं येणार हायेत. मालकानं यावं आणि त्यांच्यापुढं सांगावं. चोर म्हणले ते चार लोकांत म्हणले, खोडायचं बी चार लोकांत. एवढंच." आणि फोन ठेवला.

काकानं म्हणायला सुरुवात केली की मी त्याच्या घरी जाऊ का आता, असं कधी झालंय का. खरंच कधी झालं नव्हतं. दादा त्याच्या अंगणात वर्षानुवर्षं सकाळी येत होते, पण काका वस्तीत मत मागायच्या दिवसांतसुद्धा रस्त्यावरूनच हात हलवून परत यायचा. मी म्हणालो, गाडी रविवारपर्यंत माझ्याकडं राहील, टेस्टिंगला. रविवारी मी ती घेऊन येतो, तुम्हाला दादांकडं नेतो, मंग चावी देतो. काकाला पायी चालताना गावानं पाहिलेलं नव्हतं. रविवारपर्यंत पाहिलं, आणि रविवारी तो इस्त्रीचं धोतर नेसून तयार होता.

ऊन मरणाचं होतं. वस्तीत दादांच्या घरापुढं पत्र्याच्या सावलीत खुर्च्या मांडल्या होत्या. आष्टीचे पाहुणे आले होते. मुलाचे वडील, शाळेतून रिटायर झालेले मास्तर, पांढरा शर्ट, आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या बाई. दादांची म्हातारी आई उंबऱ्यात बसलेली. दादा उभे. पोरगी आतल्या दाराशी, पडद्याआड नाही, सरळ समोर, हाताची घडी घालून. बापावर गेलेली.

मी जीप दारात आणली. सगळे उठले. एक खुर्ची मोकळी केली. काका खाली उतरेना. इंजिन चालू, काच खाली, हात खिडकीवर, आणि तिथूनच म्हणाला, "राम राम. माझा काही जास्त वेळ न्हाई. ह्यांचं ते डिझेलचं झालं होतं ना, ते मिटलंय सगळं. माणूस चांगला है. मी माफ केलंय त्याला."

दादांचा चेहरा एकदम काळवंडला. पोरीनं हाताची घडी सोडली. एक वाक्य बोलायला आणलेला हा माणूस, आणि तो ते वाक्य असं बोलला की दादा चोर होते हे आता त्यानं पाहुण्यांसमोर पक्कं केलं, वर स्वतः दयाळू झाला. मला लाज वाटली की माझ्या अंगात याच घराण्याचं रक्त आहे.

मास्तरांनी चहाचा कप खाली ठेवला. "माफ केलं म्हणजे?" त्यांनी विचारलं. "यांनी काय केलं होतं?"

"आता जाऊ द्या ना मास्तर. झालं गेलं."

"न्हाई, पण काय झालं गेलं? आम्हाला सोयरीक करायची है. आम्हाला कळायला पाहिजे."

काका माझ्याकडं वळला. "चल रे, काढ गाडी. उशीर होतोय."

मी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. म्हणालो, "काका, जरा आवाज येतोय, बघतो." खाली उतरलो आणि बॉनेट उघडलं. क्रँकच्या सेन्सरचा प्लग काढला. तो प्लग निघाला की कॉम्प्युटरला इंजिन फिरतंय हेच कळत नाही आणि तो एकाही इंजेक्टरला हुकूम देत नाही. दादा बॉनेटच्या बाजूला येऊन उभे राहिले होते. मी काय काढलं ते त्यांनी बघितलं. आणि रस्त्याकडं तोंड फिरवलं.

मी परत बसून किल्ली मारली. सेल्फ फिरला, फिरत राहिला, इंजिन काही घेईना.

"आता काय झालं?" काका.

"इंजेक्टर घेत न्हाई. वेळ लागंल. तुम्ही सावलीत बसा."

काका बसून राहिला. जीपचं छप्पर तापलेलं, वारा बंद, धोतर घामानं चिकटलेलं. कोणी त्याला बोलावलं नाही. सगळे आपापल्या जागी बसले आणि वाट बघत राहिले, भांडण संपायची दादा बघायचे तशीच. शेवटी काका दार उघडून उतरला, खुर्चीवर टेकला आणि उपरण्यानं तोंड पुसलं.

"तर काय केलं होतं यांनी?" मास्तरांनी पुन्हा विचारलं, त्याच आवाजात, शाळेत उत्तर येईपर्यंत मुलाला उभं ठेवतात तसं.

काका जमिनीकडं बघत पुटपुटला, "काही न्हाई केलं. डिझेल कोणी चोरलं नव्हतं. वायर तुटली होती. मीच नारळ बांधला होता तिथं."

मला वाटलं, झालं. दादांनीही श्वास सोडला. तेवढ्यात उंबऱ्यातून म्हातारी म्हणाली, "मोठ्यानं म्हना."

"माय, ऐकू आलं ना तुला," दादा म्हणाले.

"मला आलं. मी काय बहिरी हाये का. देवळापुढं म्हनले तव्हा साऱ्या गावाला ऐकू गेल्तं. आता बी तेवढंच जाऊ द्या."

काकानं माझ्याकडं बघितलं. "गाडी?"

"न्हाई झाली अजून," मी बॉनेटमधूनच म्हणालो.

मंग काका उठला. गल्लीत तोवर शेजारपाजारचे दाराशी आलेच होते. त्यांच्याकडं तोंड करून त्यानं सांगितलं की डिझेल चोरलं गेलंच नव्हतं, हा माणूस चोर नाही, चूक माझी होती. पहिल्या वाक्याला आवाज फाटला. तिसऱ्याला बराबर लागला.

मास्तरांनी आपल्या बाईकडं बघितलं, बाईंनी पोरीकडं. "तारखेचं बोलू या का मंग?" मास्तर दादांना म्हणाले.

दादांनी नुसती मान हलवली आणि ते डोळे पुसायला आत गेले.

"पोरी," म्हातारी नातीला म्हणाली, "आता मालकाला बी चहा दे."